शेजाऱ्याच्या घरापुढचे वैराग्य

महाभारताच्या शांतिपर्वात जनकाचे एक वचन आले आहे, आणि वैराग्याचा विषय निघाला की आपल्याकडे ते हटकून उद्धृत होते: सारी मिथिला जळून खाक झाली, तरी त्यात माझे असे काहीच जळत नाही, असे तो विदेही राजा म्हणाला. जैनांच्या उत्तराध्ययनसूत्रात याच आशयाचे उद्गार नमिराजाच्या मुखी आहेत, बौद्धांच्या महाजनक जातकातही ते आढळतात; तेव्हा भारतवर्षातील तिन्ही प्राचीन धर्मपरंपरांनी ज्याला सारखाच मान दिला, असे हे वचन आहे. परंतु शांतिपर्वात ते कोणत्या प्रसंगी आणि कोणाच्या तोंडून आले आहे, इकडे सहसा लक्ष दिले जात नाही. युद्ध संपले आहे, कुळेच्या कुळे बुडाली आहेत, मोडलेले राज्य पुन्हा उभे करण्याचा भार ज्याच्या माथी पडला तो युधिष्ठिर सर्व टाकून वनात निघण्याची भाषा बोलत आहे, आणि आपल्या निश्चयाला आधार म्हणून तो जनकाचे हे वचन पुढे करीत आहे. त्यावर लगेच पुढच्या अध्यायात अर्जुन त्याला जनकाचीच दुसरी कथा ऐकवतो: राज्य सोडून, मुंडन करून, मूठभर धान्यावर राहू लागलेल्या जनकाला त्याच्या राणीने गाठले, आणि ज्या तुझ्या आश्रयावर अतिथी, देव, पितर आणि असंख्य माणसे विसंबून होती त्या सर्वांना निराधार करून तू हा कसला धर्म आरंभला आहेस, असा खडा सवाल केला.

हा दुसरा अध्याय पहिल्याइतका लोकांच्या तोंडी बसला नाही, ही मला आपल्या धर्मविचारातील मोठी उणीव वाटते. घर बुडाले किंवा जळाले असता ते पुन्हा सावरण्यासाठी माणूस जी धडपड करतो, तिला आसक्ती म्हणावे की धर्म म्हणावे, हा प्रश्न त्या दोन अध्यायांच्या मधोमध उभा आहे. आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या कोकणपट्टीतील गावांना तो ग्रंथातला म्हणून बाजूला सारता येत नाही, कारण तेथे तो दर काही वर्षांनी उंबरा ओलांडून घरात येतो.

सन २०२१ च्या जुलैत आषाढी एकादशीला दोनच दिवस लोटले होते, तोच तो आला. महाबळेश्वरी २३ जुलैच्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच पठारावर उगम पावणारी सावित्री काही कोसांत कड्यावरून तळकोकणात उतरते आणि पोलादपुरावरून महाडास येते, तर तिकडे दक्षिणेस वाशिष्ठी चिपळुणाच्या बाजारपेठेला वळसा घालून जाते. या दोन्ही नद्यांना समुद्राची भरती खाडीवाटे वर आतपर्यंत जाणवते, त्यामुळे डोंगराचे पाणी खाली येत असताना भरतीची वेळ साधली, की त्याला पुढे सरकण्यास वाव राहत नाही आणि ते मागे फिरून वस्तीत शिरते. २२ तारखेस महाड आणि चिपळूण या दोन्ही गावांत पाणी माणसाच्या डोक्यावरून गेले. त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळीये या वाडीवर डोंगर कोसळला आणि ऐंशीहून अधिक माणसे गाडली गेली. त्याआधी २००५ च्या जुलैत हाच प्रकार दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन या गावांत झाला होता, त्या वेळीही महाड-चिपळूण बुडाले होते. आणि २०१६ च्या ऑगस्टात सावित्रीवरचा इंग्रजी अमदानीतला पूल एका रात्रीत वाहून गेला होता.

पाणी उतरले, म्हणजे संकट सरले, असे लांबच्यांना वाटते. खरे काम तेव्हा सुरू होते. पुराने घरात आणलेला गाळ पहिल्या एकदोन दिवसांत मऊ असतो, तेवढ्यातच तो फावड्याने, घमेल्याने ओढून काढावा लागतो. एकदा का तो सुकला, की फरशीला आणि भिंतीला असा धरून बसतो, की पहारीखेरीज निघत नाही. परंतु नेमक्या याच दोन दिवसांत घरच्या माणसांना थांबून राहावे लागते, कारण तलाठी आणि ग्रामसेवक येऊन पंचनामा करीपर्यंत नुकसान जागच्या जागी दिसले पाहिजे, नाहीतर पंचांनी सही कशाच्या आधारावर करावी? इकडे भिजलेल्या भाताला वास सुटतो आहे, फुगलेली दारे चौकटीत अडकून बसली आहेत, बिछान्यांतून पाणी ठिबकते आहे, आणि घरची बाई दारात उभी राहून वाट पाहते आहे, की पूर्णतः पडझड आणि अंशतः पडझड या दोन रकान्यांपैकी आपले घर कोणत्या रकान्यात रुजू होणार. मला पंचनाम्याची निंदा करावयाची नाही. सरकारी पैसा वाटायचा, तर त्याला दाखला हवा, तपशील हवा, हे उघड आहे. तथापि ज्या वेळी हात चालवणे हाच एक उपाय असतो, त्या वेळी हात बांधून उभे राहण्याची ही शिक्षा त्या कुटुंबाला पुराहून अधिक टोचते, हेही तितकेच खरे आहे. आणि अलीकडे मोबाइलवर छायाचित्रे काढून ठेवून लोक साफसफाईला लागतात, ही मला त्यातल्या त्यात शहाणपणाची तोड वाटते.

गाळ उपसताना देव्हारा सापडतो. टाक चिखलात रुतलेले असतात, बाळकृष्ण एखाद्या कोनाड्यात जाऊन पडलेला असतो, तसबिरींच्या काचांना आतून कागद चिकटलेला असतो. पितळी आणि चांदीचे देव धुऊन, अभिषेक करून पुन्हा मांडले जातात, भंगलेली मूर्ती मात्र विसर्जनासाठी वेगळी ठेवली जाते; आणि तेथे घरातील वडीलधाऱ्यांना एक शंका पडते, ती मी एकाहून अधिक तोंडांनी ऐकली आहे. दरवर्षी आपण आपल्या हातांनी गणपती ज्या पाण्यात सोडतो, तेच पाणी घरात येऊन देवाला घेऊन गेले, तर ते विसर्जन म्हणावे, की विटंबना? शास्त्र्यांकडून याची निरनिराळी उत्तरे मिळतील. माझ्या मते विसर्जनाला निरोप द्यावा लागतो, आरती व्हावी लागते, पुन्हा येण्याची विनवणी करावी लागते. जे न विचारता नेले गेले, त्याला विसर्जन हे नाव देऊन मनाची समजूत घालू नये. ज्याचे गेले त्याला गेल्याचे दुःख करू द्यावे. त्याच वर्षी १० सप्टेंबरला गणेशचतुर्थी आली, तेव्हा त्या घरांना पाणी उतरून पुरते दोन महिनेही झाले नव्हते आणि भिंतींतली ओल हटलेली नव्हती.

येथे शुद्धीचा प्रश्न निघतो, आणि महाडात तो निघावा याला एक इतिहास आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो अनुयायांसह चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर गावातल्या सनातनी मंडळींनी गोमय, गोमूत्र, दूध, दही घातलेल्या घागरी मंत्रघोषात तळ्यात ओतून ते शुद्ध करून घेतले. आणि तळे सर्वांना खुले असल्याचा निर्णय मुंबईच्या उच्च न्यायालयाने द्यावयास १९३७ साल उजाडले. माणसाच्या ओंजळीने पाणी विटाळते, असे मानणाऱ्या बुद्धीने तेव्हा शुद्धीचा जो अर्थ लावला, त्याचा निकाल याच गावात लागला. म्हणून आज महाडात, किंवा अन्यत्र कोठेही, पुरानंतर घराची आणि विहिरीची शुद्धी करावयाची तर तिचा अर्थ अगदी साधा राहिला आहे: मेलेली जनावरे आणि सांडपाणी मिसळलेली विहीर उपसून काढणे, तीत ब्लीचिंग पावडर टाकणे, पाणी उकळून पिणे, उघड्या पायांनी चिखलात न उतरणे, कारण उंदरांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोचा ताप पुरामागोमाग येतो. संत गाडगे महाराज गावात शिरले, की आधी खराटा हाती घेऊन गाव झाडून काढीत आणि मग रात्री कीर्तनाला उभे राहत. हा क्रम त्यांनी सोयीखातर ठरवला होता, असे मला वाटत नाही. खराट्याने झालेली पूजा आधी, आणि शब्दांची तिच्यामागून, असा तो विचारपूर्वक लावलेला क्रम होता. पुरानंतर घाटावरच्या जिल्ह्यांतून फावडी आणि पिण्याचे पाणी घेऊन जी मंडळी उतरली, त्यांतल्या कित्येकांना देवधर्माचे विशेष वेड नसेलही. परंतु परक्याच्या न्हाणीघरातला गाळ त्यांनी ज्या मनाने काढला, त्या मनाला दुसरे काय नाव द्यावे?

घराची शुद्धी झाल्यावर ज्यांची श्रद्धा असेल त्यांनी उदकशांत करावी, वास्तुशांतीचे हवन करावे. मला या विधींबद्दल आदर आहे, आणि त्यांचे एक वैशिष्ट्य या विषयाच्या संदर्भात ध्यानी धरण्यासारखे आहे. एका विधीत अभिमंत्रित पाणी घरभर शिंपडले जाते, दुसऱ्यात अग्नी आत आणून घराच्या मध्यावर प्रज्वलित केला जातो. म्हणजे ज्या दोन महाभूतांनी घर नासले, त्यांनाच पुन्हा मानाने आत बोलवावे लागते. न बोलवून चालणारच नाही, कारण माठ आणि चूल यांखेरीज चार भिंतींत कोण नांदणार?

आता दैवाचा विचार. अशा आपत्तीनंतर कोणी म्हणतो, की हा देवीचा कोप. कोणी म्हणतो, की पूर्वसंचित. १५ जानेवारी १९३४ रोजी हिमालयाच्या पायथ्याशी उत्तर बिहारात भूकंप होऊन हजारो घरे जमीनदोस्त झाली, तेव्हा अस्पृश्यतेच्या पापाचे हे शासन आहे, असे गांधीजींनी जाहीरपणे म्हटले. रवींद्रनाथांनी त्यास तितक्याच जाहीरपणे हरकत घेतली, आणि सृष्टीच्या घडामोडींना नैतिक कारणे चिकटवणे हे अविवेकाला उत्तेजन देणे आहे, असे बजावले. या वादात मी निःसंशय रवींद्रनाथांच्या बाजूचा आहे. ज्यांच्या झोपड्या पडल्या त्यांत अस्पृश्यतेचे बळीही होतेच. त्यांच्यावर छप्पर कोसळून सवर्णांच्या पापाचे परिमार्जन व्हावे, हा न्याय कोणत्या ईश्वराला शोभेल? गांधीजींचा हेतू लोकांनी अंतर्मुख व्हावे एवढाच होता, हे मान्य करूनही, दुसऱ्याच्या ढिगाऱ्यावर उभे राहून त्याचा कार्यकारणभाव सांगण्याचा अधिकार मला कोणाचाच वाटत नाही.

शिवाय दैवाला इतके अग्रस्थान द्यावे, असे आपले शास्त्रही सांगत नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीची पाच कारणे मोजली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, नाना प्रकारच्या चेष्टा, आणि पाचवे दैव. दैव आहे, पण ते पाचवे आहे, आणि पहिल्या चारांची झडती घेतल्याशिवाय पाचव्याकडे बोट दाखवणे हा आळस आहे. अधिष्ठान म्हणजे येथे जमीन: ती कोणत्या उतारावर आहे, नदीची निळी आणि लाल पूररेषा कोठून जाते, पात्रात किती गाळ साचला आहे. कर्ता आणि त्याच्या चेष्टा म्हणजे डोंगराच्या पायथ्याला रस्त्यासाठी घातलेला घाव, तोडलेले रान, ओढ्यावर टाकलेला भराव. आणि आगीच्या बाबतीत तर हा हिशेब अधिकच उघड आहे. फाल्गुन-चैत्रात सह्याद्रीच्या उतारांवर जे वणवे पेटतात, त्यांतले बहुतेक माणसाच्या हातचे असतात. जुने गवत जाळले म्हणजे नवे जोमाने येते या समजुतीने कोणी काडी ओढतो, कोणी राब भाजता भाजता बांधापलीकडे आग जाऊ देतो, कोणी विडीचे थोटूक टाकतो, आणि मग वाऱ्याच्या एका झोतासरशी ती आग आंब्याकाजूच्या बागा, गवताच्या गंजी आणि डोंगरालगतचा एखादा वाडा यांवरून निघून जाते. त्या वाड्यातल्या माणसांना संचिताची कथा सांगणे म्हणजे ज्याने काडी ओढली त्याला अभय देणे होय.

जळलेल्या घराची गोष्ट बुडालेल्या घराहून निराळी असते, आणि तिच्यात विचाराला पुष्कळ खाद्य आहे. बुडालेल्या घरात सर्व वस्तू जागच्या जागी असतात, पण निरुपयोगी झालेल्या असतात. जळलेल्या घरात बहुतेक वस्तू नाहीशाच झालेल्या असतात, आणि जे उरते त्यातले काही आश्चर्यकारकपणे धड असते. जुन्या घरातली सागाची किंवा ऐनाची जाडजूड तुळई वरून कोळसा झालेली पाहून मालक ती फेकून द्यावयास निघतो, तेव्हा जाणता सुतार त्याला थांबवतो. जाड लाकडाच्या पृष्ठभागी कोळशाचा जो थर धरतो, तोच आतल्या गाभ्याला आगीपासून राखतो. सुतार हत्याराच्या पाठीने तुळईवर ठोके देत जातो. जेथे बद्द आवाज येतो, तेथे खूण करतो, जेथे खणखणीत येतो तेथे वाकसाने कोळसा तासून काढतो, आणि बोटभर काळे उतरले, की खाली पिवळसर, वासाचे, निरोगी लाकूड उघडे पडते. मग तो ठरवतो, की ही तुळई पूर्वीचा भार घेईल, की हिला मधे एक खांब द्यावा लागेल, की हिच्या आता फळ्याच कराव्यात. नव्या सिमेंटकामाला इतकी सवड नसते. आगीत तीनशे अंशांवर तापलेले काँक्रीट गुलाबी पडते, आणि तसा रंग दिसला म्हणजे आतल्या गजांचाही भरवसा सोडून नीट तपासणी करावी, असे अभियंते सांगतात.

हे घर पुन्हा उभे राहिले, म्हणजे ते तेच घर काय? मिलिंदप्रश्नात नागसेनाला राजाने असाच प्रश्न घातला होता, आणि रात्रभर जळणाऱ्या दिव्याची ज्योत पहिल्या प्रहरी आणि शेवटच्या प्रहरी तीच असते काय, असे उलट विचारून त्याने तो सोडवला होता: तीही नव्हे, दुसरीही नव्हे, अखंड चालत आलेली एक धारा. आगीने खाल्लेल्या घराविषयी बोलताना ज्योतीचा दाखला द्यावा, हे थोडे कठोर वाटेल. परंतु तो दाखला येथे मला पटतो, कारण कोकणातले घर मुळातच कधी एकदा बांधून संपलेले नसते. मृगाचा पाऊस लागण्याआधी दर वर्षी घर शाकारावे लागते: कौले उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, वासे आणि रिपा बघायच्या, पुन्हा रचायची, जोत्याला माती लावायची, पडवीला झडप बांधायची, आणि या कामाला वाडीतली माणसे एकमेकांकडे जातात, उंबऱ्यामागे एक माणूस या हिशेबाने. मीमांसकांनी कर्माचे नित्य, नैमित्तिक आणि काम्य असे भेद केले. नवे घर बांधणे हे काम्य कर्म खरे, त्यात इच्छा आहे, हौस आहे, प्रतिष्ठाही आहे. परंतु शाकारणी हे नित्यकर्म होय, आणि पूर किंवा आग यांनंतरची डागडुजी हे नैमित्तिक. संध्या करणाऱ्याला आसक्त म्हणत नाहीत. मग पावसाआधी कौले परतणाऱ्याला किंवा गाळाने भरलेले घर धुऊन काढणाऱ्याला तरी काय म्हणून म्हणावे? तो काही मिळवीत नाही, होते ते चालू ठेवतो. महाडचा दुकानदार २००५ नंतर दुकान सावरतो, २०२१ नंतर पुन्हा सावरतो, आणि पाणी परत येईल हे पुरते जाणून सावरतो. फळाची हमी नसताना केलेल्या कर्माचे याहून स्वच्छ उदाहरण मला सुचत नाही.

चैत्रात जळालेल्या घराला तर निवांतपणाही मिळत नाही. छप्पर गेलेल्या भिंती उघड्या असतात, आणि मृगाची पहिली सर मातीच्या भिंतींवर पडली, की आगीने जे राखले ते पाणी पाडते. म्हणून आधी ताडपत्री, मग वासे, मग बाकीचे, असा क्रम ठरलेला असतो, आणि तो पाळायला फार तर दोन महिने हाती असतात. बुडालेल्या घराचे उलट: तेथे घाई नडते. जांभ्याचा चिरा सच्छिद्र असतो, तो पाणी पितो आणि ते आठवड्यांनी, महिन्यांनी सोडतो. पाण्याची खूण जेथवर गेली असेल त्याच्या वर हातभर गिलावा खरवडून भिंत मोकळी ठेवावी, वारा खेळू द्यावा, आणि मगच शक्य तर चुन्याचा हात द्यावा; उत्साहाने लगेच सिमेंटचा गिलावा आणि तैलरंग चढवला, तर ओल आत कोंडते, लोणा फुटतो, आणि वर्षाच्या आत रंगाचे पापुद्रे गळू लागतात. तसबिरी आणि कागद यांना मात्र तत्काळ हात लावावा लागतो, दोन दिवसांत त्यांवर बुरशी चढते. स्वच्छ पाण्यात हलकेच धुऊन, ओढाताण न करता, सावलीत वाळवावे. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराने, ज्याची स्थापना १८६४ सालची, २००५ आणि २०२१ अशा दोन्ही पुरांत पुस्तके गमावली, आणि दोन्ही वेळा पुन्हा दरवाजे उघडले.

पाण्यात गेलेल्या पुस्तकांवरून तुकोबांच्या वह्या आठवाव्यात, हे ओघानेच आले. पण मला त्यांच्या चरित्रातील दुसऱ्याच दोन गोष्टी येथे जवळच्या वाटतात. दुष्काळात पत्नी गेली, व्यापार बुडाला, मान गेला, अशा अवस्थेत त्यांनी प्रथम काय केले, हे त्यांनी स्वतःच एका अभंगात सांगून ठेवले आहे: मोडकळीला आलेले विठ्ठलाचे देऊळ दुरुस्त करावे, असे त्यांच्या चित्तात आले, आणि त्यांनी ते केले. आणि परंपरा सांगते, की लोकांकडून येणे असलेल्या रकमांची खते त्यांनी आपल्या वाटणीपुरती इंद्रायणीत सोडून दिली, भावाच्या वाटणीची त्याला देऊन टाकली. या दोन कृत्यांत विरोध शोधणाऱ्याला तुकोबा कळले नाहीत. जे आपले येणे होते, त्याच्या बाबतीत वैराग्य. जे सर्वांचे मोडले होते, त्याच्या बाबतीत माती, दगड आणि श्रम. भावाची खते त्यांनी बुडवली नाहीत, ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते: दुसऱ्याच्या वतीने विरक्त होण्याचा हक्क आपल्याला नाही, हे त्यांनी त्या एका वाटणीत दाखवून दिले. आपले घर जळत असताना जनकासारखे बोलता आले, तर ती आयुष्यभराच्या साधनेची परीक्षा उतरली, असे मी म्हणेन, आणि तसे बोलणाऱ्यापुढे हात जोडीन. परंतु तेच वाक्य शेजाऱ्याच्या पेटलेल्या छपराकडे पाहून उच्चारले, तर ते क्रौर्य आहे. सांत्वनाला येणारी माणसे पुष्कळदा हे विसरतात. घर काय, पुन्हा होईल, जीव वाचला हे महत्त्वाचे, असे घरमालकाने म्हटले तर त्यात धैर्य आहे. पाहुण्याने म्हटले तर त्याने ताबडतोब फावडे उचलावे.

आणि जे भाड्याच्या खोलीत राहत होते, किंवा ज्यांच्या झोपडीच्या जागेला सातबारा नाही, घरपट्टीची पावती नाही, अशा कातकरी कुटुंबांचे काय? त्यांचे भांडेकुंडे, त्यांचे अंथरूण तेवढेच भिजले, परंतु दप्तरात त्यांच्या नावे घरच नसल्यामुळे मोडलेल्याचा दाखला मिळवताना त्यांना खेटे घालावे लागतात. ज्याचे घर कागदावर नव्हते त्याचे पडलेच नाही, असे मानणारी व्यवस्था नकळत जनकाचे वचनच त्याच्यावर लादत असते.

आता उरला तो सर्वांत अवघड भाग. तेच घर, त्याच जागी, पुन्हा उभारणे हा नेहमीच धर्म असतो काय? माझे उत्तर नाही असे आहे. ज्या उताराने एकदा माणसे गिळली, त्याच उतारावर लेकराबाळांसह परतणे याला भूमिनिष्ठा म्हणता येणार नाही. आंबेगाव तालुक्यातील माळीण ३० जुलै २०१४ रोजी गाडले गेले आणि दीडशेवर माणसे गेली. त्याचे गावठाण जवळच आमडे येथे वसवून २०१७ साली लोकांच्या स्वाधीन करण्यात आले. इर्शाळगडाच्या अंगावरची ठाकरांची इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री कोसळली, तिची वस्ती खाली चौकजवळ आणावी लागली. तळीयेच्या लोकांनाही नव्या जागी घरे देण्यात आली. अशा वेळी जागा सोडणे हा खरा त्याग असतो, आणि तो राख किंवा गाळ झटकून पुन्हा उभे राहण्याहून कठीण असतो, कारण येथे शेत मागे राहते, सरणाची जागा मागे राहते, आणि डोंगरात असलेला गावदेव बरोबर येईल की नाही, हे कोणालाच सांगता येत नाही. हा त्याग ज्यांना करावयाचा त्यांच्या संमतीने आणि त्यांच्या हिशेबाने झाला पाहिजे. एकसारख्या खोल्यांची रांग आखून तिला गाव म्हणणे सोपे आहे. परंतु ज्याच्या दोन म्हशी आहेत त्याला गोठा कोठे, भाताची कणगी कोठे राहील, पावसाळी सरपण सुकवायला पडवी किती रुंद हवी, दार कोणत्या दिशेला, तुळस कोठे, आणि गावदेवाची जागा वस्तीच्या कोणत्या टोकाला, हे सर्व तजवीज करणाऱ्या अधिकाऱ्याने पायाची दोरी मारण्याआधी तेथे राहणाऱ्या बायामाणसांना बसवून विचारून घ्यावे, आणि ती जे सांगतील ते नकाशावर चढवावे.